दप्तराच्या पेटीतला नाताळ

"मिशी जाड काढ ना गं, ताई! बाबांची मिशी काय अशी मुंगीच्या पायासारखी आहे?" बेंजू ओरडला.

"हात लावू नकोस! ओली आहे अजून!" रुथने त्याचा हात फटकन बाजूला केला आणि काडेपेटीतली काडी पुन्हा गुळाच्या काळ्या पाकात बुडवली. जीभ दातांत धरून, श्वास रोखून तिने बिस्किटावर मिशीचं दुसरं टोक ओढलं. गोल बिस्किट, पांढऱ्या साखरेचा चेहरा, दोन काळ्या मिऱ्यांचे डोळे, आणि आता ही भलीमोठी मिशी!

"अगोबाई! हे तर याकोबकाकाच!" तुळजा टाळ्या पिटत म्हणाली. "आता बोलतीन, 'तुळजे, पाढे म्हण!'"

बेल्याच्या दवाखान्याचा व्हरांडा त्या दुपारी नुसता रंगीबेरंगी झाला होता. ताटाताटांतून बिस्किटं मांडलेली. चांदणीची, घंटेची, पोपटाची. साखर पाट्यावर वाटून लिंबाच्या रसात कालवलेली. बिटाचा गुलाबी रंग, हळदीचा पिवळा, पालकाचा हिरवा. पिठात डोमाजीमामांच्या म्हशीचं तूप आणि तुळजाच्या बापाच्या दुकानातला वेलदोडा पडला होता. शेजारच्या महिपतने तर बिस्किटाचा नवाच आकार शोधला होता, कापसाचं फुटलेलं बोंड!

"नाताळात कापूस कुठून आला रे?" रुथने विचारलं.

"काऊन? साऱ्या वावरात कापूसच तर फुटून राह्यला!" महिपत छाती काढून म्हणाला. "तुमच्या येशूबावाच्या वाढदिवसाले आमच्या वावरातलं काही नको का?"

आतून रुथची आई हसली. ती दवाखान्यातली नर्स, घरही तिथेच. सारं गाव तिला 'बाई' म्हणे. "हवं तर! महिपतचं बोंड मधोमध ठेवा."

रुथ हसली, पण तिचं सारं लक्ष त्या मिशीवाल्या बिस्किटाकडे होतं. बाबा दिवाळीपासून घरी आले नव्हते. ते आदिलाबादच्या कचेरीत कारकून. पूर्वी दर शनिवारी सायकल मारत बेल्याला यायचे. मग नोव्हेंबरात हैदराबाद राज्याचे तुकडे झाले. आदिलाबाद आणि बेला गेलं आंध्र प्रदेशात, राजुरा तालुका गेला मुंबई राज्यात, आणि बाबांचं नाव निघालं राजुऱ्याच्या यादीत! आई इकडच्या राज्यात, बाबा तिकडच्या.

पण कालच गाडीवानाबरोबर त्यांचा निरोप आला होता. राजुऱ्याचं जुनं दप्तर, म्हणजे जमिनींचे सारे कागद, आदिलाबादेहून निघालंय. हद्दीवरच्या नाल्यापाशी ते मोजून ताब्यात घेतलं, की तिथूनच घरी येतो. नाताळ घरी!

"आणि दप्तर वेळेवर नाही आलं तर?" रुथने तेव्हाच विचारलं होतं.

आईने मान हलवली होती. "एक पेटी जरी कमी भरली, तरी साहेब त्यांना सोडणार नाहीत बाळा. चौकशी होईल, आदिलाबाद-राजुरा फेऱ्या होतील. मग कसला नाताळ?"

म्हणून तर कालपासून रुथच्या मनात एकच प्रार्थना होती. देवा, दप्तर नीट येऊ दे!

ते त्याच संध्याकाळी आलं. तीन बैलबंड्या धुरळा उडवत चावडीपुढे थांबल्या. चावडी आणि दवाखाना एकाच छपराखाली, व्हरांडाही एकच. पुढच्या बंडीवरून भगवंतराव जमादार उतरले. डोक्याला फेटा, खांद्याला पट्टा आणि अंगात पितळी बटणांचा जुना कोट.

"बाजू व्हा पोट्टेहो! सरकारी दप्तर हाय! हात लावसान तर बेड्या पडतीन!"

"आमी काय कागद खातो का जमादारकाका?" महिपत म्हणाला.

"तोंड सांभाळ! हे कागद हैत म्हून तुझ्या बापाचं वावर तुझ्या बापाचं हाय!"

रात्री दव पडतं म्हणून गाडीवानांनी पेट्या उतरवून व्हरांड्यात पार कोपऱ्यापर्यंत रचल्या. काळ्या लोखंडी पेट्या, कडीला कुलूप, कुलपावर लाखेची लाल मोहोर. त्या रांगेकडे पाहून तुळजाला हसूच आवरेना.

"रुथे, पाह्य ना! तुझ्या पेटीचे सगेसोयरे आले!"

खरंच की! रुथच्या घरची बिस्किटांची भट्टी म्हणजे असलीच एक जुनी दप्तराची पेटी. चावडीने मोडीत काढलेली पेटी बाबांनी लिलावात घेतली होती. लोहाराकडून तिला मागच्या बाजूला वाफेसाठी एक भोक पाडून घेतलं होतं. खाली निखारे, झाकणावर निखारे, आणि आत ताट! तालुक्यात अशी बिस्किटं दुसरीकडे कुठे होत नसत.

आईने थंड झालेल्या पेटीत सजवलेली ताटं अलगद ठेवली. भोकात ओल्या फडक्याचा बोळा बसवला. पेटीच्या चार पायांखाली चार करवंट्या ठेवून त्यांत पाणी ओतलं.

"मुंग्यांना आता पोहत यावं लागेल!" बेंजू म्हणाला.

तिकडे डोमाजीमामा, म्हणजे महिपतचे वडील, बैलांसाठी कडब्याच्या पेंढ्या घेऊन आले. अंधार पडत आला होता. "टाका तिकडं कोपऱ्यात!" जमादार हुक्क्याचा धूर सोडत म्हणाले. मामांनी पेंढ्या कोपऱ्यात भिरकावल्या आणि ते घरी गेले.

सकाळी बेंजूच्या किंकाळीने रुथ जागी झाली.

"ताईऽऽ! पेटी! आपली पेटी!"

रुथ धावत व्हरांड्यात आली. बंड्या गेल्या होत्या. दप्तराची रांग गेली होती. आणि भिंतीलगत, जिथे त्यांची भट्टी उभी असायची, तिथे उरल्या होत्या चार करवंट्या. तीन पाण्याने भरलेल्या, एक कलंडलेली.

"आईने आत नेली असेल," रुथ म्हणाली. पण आई तर उजाडायच्या आत पलीकडच्या पाड्यावर बाळंतिणीकडे गेली होती. घरात पेटी नव्हती. परसात नव्हती. बेंजू रडायला लागला.

"काऊन रडून राह्यला बे?" कुंपणावरून उडी मारत महिपत आला. मागोमाग, केसांना तेल लावायचं अर्धवट सोडून, तुळजा. रुथने सारं सांगितलं.

"चोर!" तुळजाचे डोळे चमकले. "बिस्किटाच्या वासानं आला असंन!"

"चोर ताटं नेईल. एवढं लोखंड कशाला नेईल?" रुथ गुडघ्यांवर बसली. कलंडलेल्या करवंटीचं पाणी सुकत आलं होतं. बाजूला फरशीवर काहीतरी लाल चमकत होतं. तिने नखाने उचकटलं. लाखेचा थेंब! चपटा, चवलीच्या नाण्याएवढा, आणि त्यावर कसलासा ठसा.

"पगडीसारखं दिसतंय," ती पुटपुटली.

"मोहोर असंन जमादाराची," महिपत म्हणाला. "पण त्यानं मोहोर इथं काऊन लावली? पेट्यांले तर आदिलाबादेतच लागली व्हती!"

महिपतने खांदे उडवले. "मी तं कडबा न्याले आलो व्हतो. बावा म्हणे, उरला असंन तं आन." तो कोपऱ्यातल्या पेंढ्या उचलू लागला. एक, दुसरी... आणि हातातली पेंढी त्याने तशीच टाकली.

"रुथे! इकडं ये! लवकर!"

कडब्याखाली एक काळी पेटी बसली होती. कडीला कुलूप, कुलपावर लाल मोहोर, आणि मोहोरेवर सिंहांचा ठसा.

मग तुळजा तोंडावर हात ठेवून म्हणाली, "अगं माय! जमादारानं खरी पेटी इथंच सोडली अन्..."

"...आणि आपली भट्टी दप्तर म्हणून नेली!" रुथने वाक्य पुरं केलं.

बेंजू रडायचा थांबला आणि खदाखदा हसू लागला. "साहेब पेटी उघडतील आणि आत पोपट!"

महिपतही पोट धरून हसला. पण रुथ हसत नव्हती.

"हसू नका रे! ती पेटी बाबा मोजून घेणार आहेत. आत बिस्किटं निघाली की खरी पेटी कुठे गेली म्हणून चौकशी. मग बाबांना सोडणार नाहीत. आई म्हणाली होती!"

हसू एकदम विरलं.

चौघं पळत तुळजाच्या वडिलांच्या दुकानात गेली. अमृतरावांनी तागडी खाली न ठेवताच ऐकलं. "पोरांनो, सरकारी पेटी हाय ते. आपुन हात लावू नाही. पोलीस पाटील जैनथच्या बाजाराले गेले, सांजेले येतीन. मंग पाहू."

"सांजेले?" तुळजा बाहेर येऊन फणफणली. "तवर दप्तर हद्दीपार व्हईन!"

रुथने डोळे पुसले. "बंड्या भरलेल्या आहेत. हळू चालतील. सडक तर बरबड्याच्या टेकडीला वळसा घालून जाते..."

"अन् आपली पांदण वावरातून सरळ जाते!" महिपतने उडीच मारली. "बंडी मी आनतो! बावा वावरात हाय, बैलं घरी हैत. मोरा अन् कवड्या!"

"तुझे बाबा रागावतील."

"पेटीवर कडबा कोनं टाकला? त्याहीनंच ना? मंग कायचे रागावतीन!"

बंडी आली. पण पेटी हलेना! चौघांनी दोर लावला, दात-ओठ खाल्ले, बेंजूने तर मागून डोक्याने ढकललं. पेटी ढिम्म.

"जमिनी हैत ना आतमंदी," तुळजा धापा टाकत म्हणाली. "साऱ्या राजुऱ्याच्या!"

रुथ व्हरांड्याकडे पाहत राहिली, मग बंडीकडे. "महिपत, व्हरांड्याची कड आणि बंडीचा तळ सारखाच उंच आहे की! बंडी मागे घे. अगदी चिकटव. उचलायची कशाला? सरकवू या!"

आईच्या बाळंतिणींसाठी ठेवलेली एरंडेलाची बाटली रुथने फरशीवर ओतली. पेटी कुरकुरली, घसरली आणि सुर्रकन बंडीत जाऊन बसली!

"ओकटी, रेंडू, मूडू!" तुळजा ओरडली. शाळेत नव्याने आलेल्या तेलुगू गुरुजींनी शिकवलेले आकडे तिला फार आवडत. "हाक रे!"

मोरा आणि कवड्या दौडत सुटले. दोन्ही बाजूंनी कापसाची वावरं पांढरी झाली होती. वेचणाऱ्या बायका कंबर सरळ करून पाहू लागल्या.

"कोठी चालले गा पोट्टेहो?" बयनाबाईने हाक दिली.

"नाताळ आनाले!" महिपत ओरडला.

पांदण उतरून वाटेतल्या एका लहान नाल्यात गेली आणि मधल्या रेतीत बंडीचं एक चाक खचकन रुतलं. बैलांनी जोर लावला, चाक आणखी खाली गेलं. पेटी कलली.

"धरा! धरा!" रुथने पाठ लावली. लोखंडी कड तिच्या खांद्यात घुसली. पेटी पाण्यात पडली असती, तर राजुऱ्याची सारी वावरं भिजली असती!

"चाकाखाली काहीतरी घाला! दगड!"

"दगड कोठी हैत इथं? निरी रेती हाय!"

"कडबा!" बेंजू किंचाळला. तो उरलेल्या पेंढीवरच बसला होता. तुळजाने पेंढी फोडून चाकापुढे धाटं अंथरली. महिपतने बैलांच्या पाठीवर थाप मारली, "हर्र्र मोरा! हाल माह्या राजा!" आणि बंडी गचका खाऊन वर आली.

"बावाच्या कडब्यानं पेटी लपवली," महिपत घाम पुसत म्हणाला, "अन् त्याच कडब्यानं वाचवली. घरी हेच सांगजा हो!"

चढ चढून ती सडकेला लागली, तो समोरच मोहाच्या झाडाखाली तीन बंड्या सुटलेल्या! गाडीवान भाकरी खात होते. भगवंतराव जमादार फेटा उशाला घेऊन आडवे झाले होते.

"जमादारकाका! आमची पेटी द्या!"

जमादार दचकून उठले. "कायची पेटी? कोनाची पेटी?"

रुथने एका दमात सगळं सांगितलं. ऐकता ऐकता जमादारांच्या कपाळावर आठी चढली. मग ते हसले, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

"ए पोरी, मले शिकवतं का? मोहोर लागली म्हंजे दप्तर! मोहोर तोडाचा हुकूम मले नाही, तुले नाही. जा घरी!"

"पण आत बिस्किटं आहेत!"

"बिस्किटं? सरकारी पेटीत? आत कागद हैत, कागद! ईमानानं सांगतो!"

"मग कागदांना मुंग्या कशा लागल्या?" बेंजूने विचारलं.

सगळ्यांनी वळून पाहिलं. मधली बंडी झाडाच्या बुंध्याला टेकली होती. बुंध्यावरून एक काळी रेघ उतरली होती, बंडीच्या कठड्यावरून गेली होती आणि एकाच पेटीत शिरत होती. बाकीच्या पेट्यांकडे एकही मुंगी फिरकली नव्हती. गाडीवान भाकरी सोडून जवळ आले.

"मुंग्याले काय कळते दप्तर!" जमादार म्हणाले, पण आवाज जरा बसला होता.

रुथने बेंजूच्या कानात काहीतरी सांगितलं. बेंजू बंडीवर चढला, पेटीच्या मागे गेला आणि भोकातला बोळा उपसला. त्याचा बारका हात कोपरापर्यंत आत गेला.

"मोहोर नाही तोडली हं काका!" तो आत चाचपत म्हणाला. "चांदणी आहे... नाही, पोपट... थांबा, सापडलं!"

हात बाहेर आला. हातात एक गोल बिस्किट होतं. पांढरा चेहरा, मिरीचे डोळे, भलीमोठी काळी मिशी!

गाडीवानांत हशा फुटला. "जमादार! दप्तरातून तं साहेबच निघाला!"

जमादार हसले नाहीत. ते मटकन खाली बसले. एवढा मोठा माणूस, पण त्या क्षणी तो रुथला वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलासारखा दिसला.

"पहाटे मोजल्या तं एक पेटी कमी," ते हळू आवाजात म्हणाले. "जीवच उडाला पोरी माहा. अंधारात भिंतीपाशी ते दिसली, तिले मोहोर नव्हती. म्हटलं, पडली असंन. उचलताना हलकी लागली, पन वाटलं, कागद कमी असतीन. लाख व्हती गाठीशी. लावली. निजामाच्या काळापासून नौकरी करून राह्यलो, एक कागद हरवला नाही कधी. आता नवं राज्य, नवे साहेब. म्हणतीन, म्हातारा निकामी झाला."

तुळजाने चिडवायला उघडलेलं तोंड मिटलं.

रुथ त्यांच्याशेजारी बसली. "काका, तुमची खरी पेटी आणलीय आम्ही. बघा, सिंहांची मोहोर जशीच्या तशी आहे."

जमादार महिपतच्या बंडीकडे धावले. मोहोरेवरून बोटं फिरवली, पुन्हा फिरवली. डोळे भरून आले. मग ते एकदम थबकले. "पन हे दुसरी? तिच्यावर बी मोहोर हाय! मोहोर तोडली तं गुन्हा हाय!"

"कोणाची मोहोर, काका?" रुथने मुठीतला लाखेचा थेंब पुढे केला. "हा आम्हाला व्हरांड्यात सापडला, तुम्ही आधी फरशीवर करून पाहिला असाल. सिंह नाहीत यावर. पगडी आहे." तिने तो थेंब जमादारांच्या कोटाच्या दुसऱ्या बटणाशेजारी धरला. जुन्या राजवटीचं पितळी बटण, त्यावर तीच पगडी, तोच झुपका! "बाबा सांगतात, साऱ्या कचेरीत अशी बटणं आता फक्त तुमच्याच कोटाला उरलीत. ही सरकारी मोहोर नाहीच. तुमचं बटण आहे! तुम्ही लावलंत, तुम्हीच काढा!"

जमादारांनी बटणाकडे पाहिलं. लाखेकडे पाहिलं. मग गडगडाटी हसले, इतके की फेटा गळ्यात आला.

"नर्सबाईची पोर हायेस का कोतवालाची गं?" आणि त्यांनी स्वतःच्या अंगठ्याने ती लाख कटकन उडवली.

गाडीवानांनी पेट्यांची अदलाबदल केली. मिशीवालं बिस्किट रुथने रुमालात बांधून खिशात ठेवलं. चौघं पुढे हद्दीपर्यंत गेली. परत फिरायचं कोणाच्या मनातसुद्धा आलं नाही.

नाल्यापलीकडे एक राहुटी उभी होती. 'मुंबई राज्य' अशी नवी पाटी नुकतीच रंगवलेली, रंग अजून चिकट. खुर्चीवर नायब तहसीलदार पांडुरंगराव बसले होते, आणि त्यांच्यामागे चष्मा पुसत उभे होते... बाबा! दिवाळीपेक्षा वाळलेले. मिशी मात्र तशीच.

बेंजू धावणार, तोच रुथने त्याला धरलं. "थांब. आधी मोजू दे."

पेट्या उतरल्या. मोहोरा तपासल्या. रुथ मनातल्या मनात आकडे मोजत होती. शेवटच्या पेटीला कडब्याची दोन पानं चिकटली होती. बाबांनी ती झटकली, मोहोर पाहिली आणि म्हणाले, "दप्तर पुरं आहे, साहेब."

रुथने सोडलेला श्वास नाल्यापलीकडे ऐकू गेला असेल!

"मग त्या लहान बंडीत ती आणखी एक पेटी कसली?" पांडुरंगरावांनी विचारलं.

रुथने जमादारांकडे पाहिलं आणि पटकन म्हणाली, "ती नाताळची पेटी आहे, साहेब. बाबांना घ्यायला आणलीय."

पण जमादार पुढे आले. कोट नीट केला. "पोर मले सांभाळून घेऊन राह्यली, साहेब. चूक माही हाय." आणि त्यांनी बटणासकट सारं सांगून टाकलं.

पांडुरंगरावांच्या भुवया वर चढत गेल्या. ते उठले, भट्टीपाशी गेले, झाकण उघडलं. वेलदोड्याचा वास साऱ्या हद्दीवर पसरला. त्यांनी एक बिस्किट उचललं. महिपतचं कापसाचं बोंड!

"हे कोणी केलं?"

"म-मी, साहेब," महिपत मागे सरकत म्हणाला.

"उत्तम!" त्यांनी घास घेतला. "जमादार, आदिलाबादेत कळवतो, दप्तर मोहोरांसकट पुरं पोचलं. बाकीचं मी ऐकलं नाही, फक्त खाल्लं. आणि पोरांनो, दोन राज्यांच्या कचेऱ्या महिनाभर भांडताहेत, कोणाची खुर्ची कोणाकडे म्हणून. तुम्ही एका सकाळी ज्याची पेटी त्याच्या घरी पोचवलीत! शाबास!" मग बाबांकडे वळून ते म्हणाले, "याकोबराव, उभे काय राहिलात? निघा. नाताळ झाल्याशिवाय तोंड दाखवू नका!"

तेव्हा कुठे रुथने बेंजूचा हात सोडला. आणि मग तिने स्वतःलाही सोडलं. ती पळत गेली आणि बाबांच्या कोटात तोंड खुपसून, इतका वेळ दाबून धरलेलं सगळं रडून घेतलं.

"वेडी!" बाबा तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाले. "एवढं शौर्य गाजवून रडतात का?"

संध्याकाळी बंडी बेल्याला पोचली, तेव्हा आई दारात उभी होती. घरात पेटी नाही, मुलं नाहीत, व्हरांडाभर एरंडेल! तिने रागावायला तोंड उघडलं, आणि पेटीवर बसलेल्या माणसाला पाहून ते तसंच उघडं राहिलं. डोमाजीमामाही काठी घेऊन महिपतची वाट पाहत होते. बाबांनी त्यांना बाजूला नेऊन काय सांगितलं कोण जाणे, पण मामांनी काठी फेकली आणि पोराला उचलून खांद्यावर घेतलं. अमृतराव तर दुकान उघडं टाकून आले. "आमची तुळजा बी व्हती हो त्यात!" ते येईल त्याला सांगत होते.

भट्टी पुन्हा भिंतीलगत उभी राहिली. बेंजूने चारही करवंट्या काठोकाठ भरल्या.

मग रुथला आठवलं. तिने खिशातून रुमाल काढला, गाठ सोडली आणि तिचा चेहरा पडला. बंडीच्या गचक्यांत मिशीवालं बिस्किट मधोमध दुभंगलं होतं.

"हे तुमचं होतं, बाबा. मी किती जपलं..."

"आण इकडे," आई म्हणाली. वाटीच्या तळाशी उरलेली गुलाबी साखर तिने बोटाने दोन तुकड्यांच्या मधे भरली आणि हलकेच दाबली. चेहरा पुन्हा एक झाला. फक्त कपाळापासून हनुवटीपर्यंत एक गुलाबी रेघ दिसत राहिली.

तुळजाने मान वाकडी करून पाहिलं. "अगोबाई! याकोबकाकाच्या नाकावरूनच हद्द गेली की!"

सारा व्हरांडा हसला. बाबांनी बिस्किट कंदिलाच्या उजेडात धरलं, चष्मा वर केला, आणि अगदी कचेरीतल्या आवाजात म्हणाले,

"जाऊ दे. साखरेचीच आहे. जीभ लावली की पुसली जाईल!"